महाराजांनी कड धरली

गादीवर बसून उपदेश करणाऱ्यांनो, तुम्ही लोकांना फसवलंत. घडायचं ते घडतंच, प्रार्थनेनं फार तर मन शांत होतं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलात. जिचा माणूस मातीखाली आहे, तिनं शांत मन घेऊन काय करायचं? आरणवाडीत काय झालं ते ऐका आणि मग बोला.

त्या उन्हाळ्यात भिवनाथ महाराज आरणवाडीच्या ओढ्याकाठी उतरले होते. गावात रंगराव देशमुखांच्या विहिरीचं काम चालू होतं. खणणारे वडार. त्यांची रीत अशी, की खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वरचं टोक त्याच्या घरच्याच माणसाच्या हातात. एक ओढ म्हणजे टोपली घ्या, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे मला वर काढा. एके दिवशी तिम्मा खाली होता. दोर त्याच्या बायकोच्या, लच्छमाच्या हातात होता. ही लच्छमा रोज महाराजांच्या पाया पडूनच कामावर यायची.

सकाळीच विहिरीची एक बाजू धडाडून खाली आली. तिम्मा गाडला गेला. वरची कड तडकली आणि तशीच लोंबत राहिली. तिच्याखाली उतरायचं कोणी? तिम्माचे सख्खे भाऊ मागे सरले.

लच्छमानं दोर सोडला नाही. तोंडानं एकच चाललं होतं, "महाराज, कड धरा! महाराज, कड धरा!"

तेवढ्यात दोराला ओढ लागली. एक, दोन, तीन.

"मालक, त्यो जित्ता हाय! तीनदा वढलं!"

"माती बसतेय, बाई. दोर ओढला जाणारच," देशमुख म्हणाले. "माती लोटून बुजवा रे ती विहीर. आणि तुझ्या महाराजांना विचार, नाव घेतल्यानं कड थांबते का म्हणून. थांबली तर पागोटं ठेवतो त्यांच्या पायावर!"

दोघेचौघे हसले. लच्छमानं आणखी दोनदा सांगितलं, ओढ लागतेय म्हणून. देशमुखांनी गड्यांना फावडी उचलायला लावली.

आणि महाराज आले. ना मंत्र, ना अंगारा. चालत आले ते थेट त्या तडकलेल्या कडेवर जाऊन बसले.

"महाराज, थितं नगा!" लच्छमा किंचाळली.

"तूच बोलावलंस ना?" महाराज म्हणाले. "म्हणत राहा. पोरांनो, उतरा खाली."

भाऊ उतरले. दुपार कलेपर्यंत खणत होते. समोरच्या बाजूनं दगड निखळत होते. महाराज बसले होते तिथून खडासुद्धा पडला नाही. त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, घामानं कफनी भिजून गेली होती. एका तिरप्या शिळेआड तिम्मा सापडला. पाय मोडलेला, पण श्वास चालू! अहाहा, काय ती घटका!

"सगळे वर आले?" महाराजांनी विचारलं.

"आले, महाराज."

महाराज उठले, चार पावलं बाजूला झाले. मागे अख्खी कड गडगडत विहिरीत गेली.

देशमुखांनी पागोटं काढलं आणि महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं.

"माझ्या पायावर कशाला?" महाराज म्हणाले. "तिच्या ठेवा."

देशमुख लच्छमापुढे वाकले. तिच्या तळहातांची सालटी निघाली होती. ती मागे सरली नाही.

"मालक, त्यो जित्ता हाय म्हून म्या तीनदा सांगितलं. तुमी का ऐकलं न्हाई? बोला."