पायलीभर मिठाचा भाव

एकदा एका घाटमाथ्यावर, जिथं कोकणातून चढून येणारी वाट देशावरच्या वाटेला मिळते, तिथं आठवड्याचा बाजार भरत असे. बाजार कसला, नुसती अदलाबदल. खालून आगरी मंडळी मिठागरांचं मीठ घेऊन येत, वरून देशावरची माणसं बैलांच्या पाठीवर बाजरी लादून आणत. पैसा कुणाच्या कनवटीला नसे आणि त्याची कुणाला खंतही नसे. मीठ द्यावं, बाजरी घ्यावी आणि ऊन उतरायच्या आत आपापली वाट धरावी.

आता मिठाला बाजरी किती द्यायची, हे सांगायचं कुणी? तर त्या माथ्यावर झोपडी बांधून एक वृद्ध राहत असे. सगळे त्याला बाबा म्हणत. सकाळी तो झोपडीपुढच्या एका मोठ्या शिळेवर उभा राहून आरोळी देई, "पायलीभर मिठाला तीन शेर बाजरी!" की व्यवहार सुरू. पण म्हातारा तेवढ्यावर थांबत नसे. काठी टेकत बाजारभर फिरे. या टोपलीत डोकाव, त्या गोणीला हात लाव. मिठाच्या टोपल्या भरलेल्या आणि पुढं गिऱ्हाईक नाही असं दिसलं, की पुन्हा शिळेवर चढून ओरडे, "अडीच!" आणि मिठासाठी माणसं एकमेकांना कोपरानं ढकलायला लागली, की म्हणे, "साडेतीन!" असं खालीवर करता करता दुपारी केव्हातरी त्याची आरोळी थांबे. मीठ आणणाऱ्यांचं मीठ संपलेलं असे आणि मागणाऱ्याला मीठ मिळालेलं असे. माळ झाडून काढल्यासारखा मोकळा होई.

बाबांजवळ एक शिष्य होता. पढलेला होता, आणि मनानं फार मऊ. बाबांचं हे खालीवर ओरडणं त्याला मुळीच पटत नसे.

त्या वर्षी ऊन असं कडक पडलं की मिठागरं पांढरीशुभ्र भरून आली. जो तो मीठ घेऊन घाट चढू लागला. बाबांची आरोळी तिनावरून अडीचवर आली आणि अडीचवरून दोनवर.

चांगुणा नावाची एक आगरीण होती. बैल नाही, गडी नाही, डोक्यावर टोपली घेऊन एकटी चढायची. ती शिष्याला म्हणाली, "शास्त्रीबुवा, तुमच्या बाबांचा गळा बसलाय का यंदा? आवाज खालीच चाललाय!"

शिष्य हसला, पण चांगुणा हसता हसता थांबली. "लेक बाळंत झाली माझी. दूध उतरत नाय अजून. सुईण म्हणते बाजरीची भाकरी घाल. आज मिळाली ती चार दिवस पुरेल. पुढल्या बाजारी जास्त नेली नाय, तर त्या चिमुरड्याचं काय करू?"

ते बोलणं शिष्याच्या काळजात रुतलं. संध्याकाळी त्यानं बाबांना गाठलं. "बाबा, तेच मीठ, तेच कष्ट, तोच घाट. मग तिच्या पदरात कमी का पडावं?"

"मी कष्ट मोजत नाही रे," बाबा म्हणाले.

"मग काय मोजता?"

"परत जाणाऱ्या टोपल्या."

शिष्याला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं. तो मनातल्या मनात रागावला.

पुढच्या बाजारी बाबांचा पाय सुजला. उठता येईना. म्हणाले, "आज शिळेवर तू उभा राहा. पण एका जागी राहू नको हो, फिरत राहा."

शिष्याला जणू देवच पावला. तो शिळेवर चढला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पायलीला तीन शेर! आणि आज हा भाव हलणार नाही. कमी भाव घेणाऱ्याला पुढच्या बाजारी या माळावर बसू देणार नाही!"

मीठवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. देशावरचा एक मिशाळ शेतकरी खांदे उडवून म्हणाला, "तीन तर तीन. चार पायल्या न्यायच्या होत्या, दोन नेऊ. कालवण थोडं अळणी खाऊ, त्यात काय!"

पहाटे बैल हाकत आलेल्यांचं मीठ भराभर गेलं. मग मागणी मंदावली. ऊन डोक्यावर आलं तरी निम्म्या टोपल्या तशाच. बाजरीवाल्यांच्या गोण्यांतही बाजरी उरलेली, पण ते दोऱ्या आवळायला लागले होते.

तेवढ्यात चांगुणा आली. नातू रात्रभर भुकेनं रडला होता, म्हणून तिला निघायलाच उशीर झाला. धापा टाकत ती या बैलापाशी गेली, त्या बैलापाशी गेली.

"तीन ना? नको बाई, आमचं झालं," एक म्हणाला.

"अहो, दोन द्या. दोनला देते."

"मला चालेल गं. पण तुमच्या बुवांनी बंदी घातलीय ना!"

चांगुणा तडक शिळेपाशी आली. "शास्त्रीबुवा, मला दोनला विकू द्या."

"चांगुणाबाई, तुमच्याच भल्यासाठी तर तीन ठरवला मी..."

"मग ते भलं पदरात पडू द्या की! वर शिळेवर काय ठेवलंय त्याला?"

शिष्याच्या मागून काठीचा आवाज आला. सुजलेला पाय ओढत बाबा येत होते. त्यांनी माळाकडे एक नजर टाकली, शिष्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि शिळेवर चढून आरोळी दिली, "दोन!"

दोनचार माणसं वळली. बाबा थांबले, पाहिलं आणि पुन्हा ओरडले, "दीड!"

"बाबा, हे काय करता?" शिष्य कळवळला. "ती बाळंतिणीची आई आहे! तिलाच पाडता?"

तिकडं मिशाळ शेतकऱ्यानं आवळलेली दोरी पुन्हा सोडली. "दीड म्हणतायत रे, वर्षाचं मीठ भरून ठेवू!" बघता बघता माणसं परत फिरली. टोपल्या रिकाम्या होत गेल्या. चांगुणाचीही झाली. तिच्या फडक्यात बाजरीचं गाठोडं आलं, लहानसं, पण आलं.

मग बाबा लंगडत झोपडीत गेले. आपल्या मडक्यातली बाजरी त्यांनी ओंजळीनं आणून तिच्या फडक्यात ओतली. एकदा, दोनदा, मडकं उपडं होईपर्यंत.

शिष्य गोंधळून बघत राहिला. "आधी भाव पाडलात आणि आता पदरचं देता. मग आधीच तीन राहू दिला असतात तर?"

बाबा तिथंच शिळेवर टेकले. "बाळा, तू भाव बांधलास तो हिचं तोंड बघून. पण भावाला कुणाचं तोंड दिसत नाही. तीन म्हटल्यावर ज्याला बैल होते, जो आधी पोचला, त्याचं साधलं. जिच्यासाठी तू बांधलास, ती चालत आली म्हणून मागं राहिली. इकडं मीठ पडून, तिकडं बाजरी पडून, आणि दोघांच्या मधे तुझी दया आडवी. भाव मी ठरवत नाही रे. मी तो शोधतो. जेवढं विकायला आलंय तेवढंच कुणीतरी घेऊन जाईल, असा एक आकडा रोज या माळावर असतोच. सकाळपासून शोधला असतास, तर बहुधा दोनवरच सापडला असता. अडवून धरलास म्हणून दीडपर्यंत उतरावं लागलं."

"मग दया करायचीच नाही?"

"करायची की! पण आपल्या मडक्यातून. भाव सगळ्यांचा असतो, त्यात हात घालून कुणा एकाला वाढू नये. वाढायला आपला हात आहे ना."

चांगुणा गाठोडं बांधत होती. ती सहज म्हणाली, "बाबा, पुढल्या बाजारी मी मीठ निम्मंच आणीन हो. बाकी सुकट आणते, वाळवून ठेवलीय घरी. आमच्या आळीतल्या बायकांनाही सांगते, मीठ लय झालंय वर."

शिष्य चमकला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? दीड शेरात मीठ जातंय, म्हणजे झालंच की जास्त! तुमच्या तीन शेरावर विसंबून राहिले असते, तर आणखी एक टोपली भरून आणली असती मी."

आपण एका बाईला बाजरी देऊ बघत होतो, आणि मीठ जास्त झालंय हा खाली समुद्रापर्यंत जाणारा निरोपच अडवून बसलो होतो, हे शिष्याला आता दिसलं. बाबांची आरोळी वर चढे, खाली उतरे, ती कुणाला उंच करायला नव्हे आणि कुणाला पाडायलाही नव्हे.

चांगुणानं रिकामी टोपली उचलली. उन्हं कलली होती, आणि खाली लेक वाट बघत होती. शिष्य धावत झोपडीत गेला. दुपारी त्यानं आपल्या वाट्याच्या दोन भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या. त्या फडक्यात गुंडाळून त्यानं तिच्या टोपलीत ठेवल्या.

"हे भावात धरू नका," तो हळूच म्हणाला.

चांगुणानं त्याच्याकडे पाहिलं, टोपली काखोटीला मारली आणि ती भराभर घाट उतरू लागली.