तळ्याकाठची शेवटची शिंदी

वस्तूंनाही वाचा होती, त्या काळातली गोष्ट. वसईकडच्या एका चर्चची घंटा दिवसभर खाली तळ्याकाठच्या शिंदीशी गप्पा मारत असे. पूर्वी तिथे शिंदीचं बनच होतं. पण प्रभूच्या स्वागताला, झावळ्यांच्या रविवारी क्रूस विणायला लोकांना कोवळा गाभाच लागे. कापता कापता एकच शिंदी उरली.

त्या रविवारी पहाटे गावातले म्हातारे बस्त्यावबाबा कोयता घेऊन आले, मागून गावकरीही आले.

“बाई गं,” शिंदी म्हणाली, “आता गाभा गेला, की मीही गेले.”

घंटेला एकदम आठवलं, दरवर्षी आपणच तर वाजून या सगळ्यांना बोलावतो! दोर ओढला गेला, पण ती मुकीच राहिली. सगळे वर बघू लागले.

“बाबा,” घंटा म्हणाली, “ज्याच्या स्वागताला निघालात, त्याचंच शेवटचं झाड कापणार?”

बस्त्यावबाबांनी कोयता खाली ठेवला. “मग काय रिकाम्या हातांनी जायचं?”

“माझ्या पायाशी बघा की,” शिंदी म्हणाली.

तिथे गळलेल्या फळांतून इवली रोपं उगवली होती. घरून आणलेल्या करवंट्यांत माती भरून प्रत्येकाने एकेक रोप डोक्यावर घेतलं.

घंटा वाजू लागली. धुक्यात तिला माणसं दिसतच नव्हती. एक बन तेवढं हळूहळू चर्चकडे चालत येत होतं.