टाकीतली हवा

“…मग यातला ठेवायचा कुठला, नाना?”

रंग फवारायच्या एअरब्रशला हवा पुरवणारे दोन कंप्रेसर प्रल्हादने शेजारी शेजारी मांडले होते. दुकानदाराने दोन्ही दिवसभर वापरून बघायला दिले होते. संध्याकाळी एक परत करायचा होता.

धोंडिबानाना कुंभार कामात होते. दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवायचे मातीचे मावळे ते फळीवर ओळीने उभे करत होते. दोन बोटं उंचीचे. अंगरखे रंगवून झाले होते. चेहरे राहिले होते.

चेहरे आजवर नानांनीच रंगवले. यंदा त्यांचा हात कापायला लागला होता.

प्रल्हाद सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसून शिकला. पागोटी, ढाली, अंगरखे सगळं त्याच्याकडे. चेहरा मात्र नानांनी अजून त्याच्या हाती दिला नव्हता.

“हा नवा बघा. दाब आकड्यात दाखवतो. एअरब्रश लावला की थेट हवा, टाकीची भानगड नाही. पुण्यात सगळे हाच वापरतात.”

“आणि तो?”

“तो होय? जुन्या फ्रिजचा कंप्रेसर, त्याला खाली टाकी जोडलीय. निम्म्या किमतीत देतोय. पण लोक हसतील नाना. म्हणतील, प्रल्हादनं भंगार उचलून आणलं.”

नाना हसले.

“आपण तर मातीच विकतो, बाळा.”

त्यांनी कोपऱ्यातून हात मोडलेले, बाजूला टाकलेले मावळे आणले.

“यांचे गाल रंगव.”

प्रल्हादने नवा कंप्रेसर लावला. नानांनी नेहमीसारखा त्याच्या कोपराखाली हात धरला. गालावर तांबूस छटा बसू लागली. प्रल्हादची मान अभिमानाने ताठ झाली.

…नानांनी बटण बंद केलं.

एअरब्रश थुंकला. मावळ्याच्या गालावर लाल डाग पडला, वार बसल्यासारखा.

“नाना! चालू काम कशाला बंद केलंत?”

“चालू असताना सगळेच चालतात रे.”

मग दुसरा लावला. तो फ्रिजसारखा हलकेच घुमत राहिला. टाकी भरली. प्रल्हादने पहिला गाल घेतला, आणि नानांनी याचंही बटण बंद केलं.

मोटार थांबली.

हवा येतच राहिली.

एक मावळा झाला. दुसरा. तिसरा… सातव्याला हवा थकली. छटा फिकी होत गेली. डाग पडला नाही.

प्रल्हादने टाकीवरून हात फिरवला आणि नव्याची वायर गुंडाळली.

“नवा परत देऊन येतो,” तो हळूच म्हणाला.

“सावकाश जा. संध्याकाळ लांब आहे.”

नानांनी कोऱ्या चेहऱ्यांची फळी उचलली. हात कापत होते, पण एकही मावळा पडला नाही. फळी त्यांनी प्रल्हादपुढे ठेवली.

“हे… चेहरे? मी?”

“मग काय दुकानदार रंगवणार?”

प्रल्हादने एअरब्रश हातात घेतला, आणि सवयीने कोपर नानांच्या बाजूला सरकवलं.

तिथे हात नव्हता.

नाना उठले होते. खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत दाराकडे निघाले होते.

“नाना, कुठं चाललात? पहिल्या चेहऱ्याला तरी शेजारी बसा!”

नाना उंबऱ्यावर थांबले…

“बटण बंद केल्याशिवाय कसं कळणार, बाळा?”