साळुंकीचा परवाना

फार मागे, रानात दारापाशी चकचकीत अभ्रकाचे तुकडे लावून घराघरांत ऊन खेळवत, तेव्हाची गोष्ट. ते तुकडे विकायला सरडेआजोबांचा परवाना लागे. साळुंकी तो मागायला गेली.

"आधी दिवसभर खारीच्या ढोलीपाशी बस. मग परीक्षा घेतो," आजोबा म्हणाले.

साळुंकी कुरकुरतच बसली. ऊन डोंगरावरून उतरलं, पान न् पान उजळत रानभर फिरलं आणि चिंचेच्या सावलीतल्या त्या ढोलीला न शिवताच मावळलं. रोज डोक्यावरून जाणारी ती वाट साळुंकीने आज पहिल्यांदाच पाहिली.

साळुंकीजवळचे तुकडे पाहून खारीने विचारलं, "सगळे तुकडे घेते. पिल्लांना ऊब मिळेल ना गं?"

"नाही मिळणार, बाई. तुझ्या दारी ऊन येतच नाही."

साळुंकी मागे वळून पाहते तो सरडेआजोबा परवान्याचं पान घेऊन उभे. एकही प्रश्न न विचारता त्यांनी ते तिच्या चोचीत दिलं.