‘कंदील’च्या कचेरीतली हलगी

इतर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत जिथे संस्थापकांचा हार घातलेला फोटो असतो, तिथे, म्हणजे संपादकांच्या खुर्चीमागे, आमच्या ‘कंदील’च्या कचेरीत एक हलगी टांगलेली आहे. बेलवंड्याला येणारा पाहुणा तिच्याकडे बघतोच. परवा एका गृहस्थांनी ‘सजावट छान आहे’ म्हटले, तेव्हा मी त्यांना बाकावर बसवले. या छापखान्यात मी चाळीस वर्षे खिळे जुळवले आहेत. हलगीला सजावट म्हटलेले मला सोसत नाही.

गोष्ट माझ्या जन्माआधीची. ‘कंदील’ तेव्हा आठवड्यातून एकदा निघे, आणि तो काढत गुंडोपंत हेरवाडकर. माणूस सचोटीचा, लेखणी तिखट, पण आपले कधी चुकत नाही हा पक्का समज. असे सांगतात, की एका उन्हाळ्यात कासार गल्लीतली सात मुले जुलाबांनी अंथरुणाला खिळली. पंतांनी चौकशी केली न केली, आणि पहिल्या पानावर ठळक छापून टाकले की धुरपाबाईच्या दुधाने मुले आजारी पडली. धुरपाबाई नदीकाठची विधवा, दोन म्हशींवर घर चालवणारी. तिचे चौदाच्या चौदा रतीब एका दिवसात तुटले.

पंधरवड्याने कळले, दोष गल्लीतल्या विहिरीचा होता. सातांतल्या चार घरी तर धुरपाबाईचे दूध जातच नव्हते! पंतांनी शेवटच्या पानावर चार ओळींचा खुलासा छापला आणि ते मोकळे झाले.

रतीब मात्र एकही परत आला नाही. मग एका बाजाराच्या दिवशी धुरपाबाई भरलेली किटली घेऊन छापखान्याच्या पायरीवर येऊन बसली. पंतांनी तिला खुलासा वाचून दाखवला. ती म्हणाली, “बातमी समद्या गावानं ऐकली. ही माफी कुणी ऐकली? माझी गिऱ्हाइकं वाचत न्हाईत, पंत. ऐकत्यात.”

पंत उठून दवंडी देणाऱ्या खंडू आवळ्यांकडे गेले आणि गावभर दवंडी द्यायला सांगितले. खंडूंनी हलगी शेकून ताणली, पंतांपुढे धरली आणि म्हणाले, “सरकारची दवंडी मी देतो, जत्रंची देतो. पर ही चूक तुमची हाय. हलगी तुमीच वाजवा.”

आज हे ऐकताना काही वाटत नाही. पण त्या काळी हलगी वाजवणाऱ्याला पेठेत पाणीसुद्धा वरून ओतत. ती हलगी एका बामणाने भर बाजारात गळ्यात अडकवायची, म्हणजे जातीबाहेर जायचीच तयारी. पंतांनी ती अडकवली.

“ऐका हो ऐका! मी गुंडो हेरवाडकर. मी खोटं छापलं. धुरपाबाईच्या दुधात काही दोष नाही!”

सात गल्ल्या ते असे फिरले. पेठेत लोकांनी कवाडे लावून घेतली, पंतांच्या सख्ख्या भावानेही. ताल तर असा, की बाजारातले बैल दावी तोडायला बघत होते म्हणे. तो आवाज नदीपलीकडे गेला असेही सांगतात. खरेखोटे नदीला ठाऊक. शेवटी घामाघूम होऊन पंत धुरपाबाईच्या दारात उभे राहिले. तिने दुधाचा तांब्या पुढे केला आणि ते सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले.

“वाजवाय काय येत न्हाई तुमास्नी,” ती म्हणाली, “पर ऐकाय आलं.”

दुसऱ्या सकाळी कासार गल्लीतूनच पहिले भांडे तिच्या दारात आले. खंडूंनी ती हलगी पंतांकडेच ठेवली. पुन्हा लागेल, म्हणाले.

लागलीच. आजवर सहा संपादक झाले आणि अकरा वेळा हलगी भिंतीवरून उतरली. पेपर रोज निघू लागला, यंत्रे बदलली, पण चूक झाली की संपादकाने स्वतः त्याच सात गल्ल्या फिरायच्या, यात बदल झाला नाही. मला याचा फार अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आजही नवा संपादक आला की आवळ्यांच्या घरातले कुणीतरी त्याला विचारते, “शिकवू का हलगी?” त्यावर त्याने ‘नको’ म्हणायचे असते. ज्या दिवशी आमच्या संपादकाचा हात हलगीवर बसेल, त्या दिवशी बेलवंडे ‘कंदील’ घ्यायचे बंद करील.