सतरावा घाणा

“मग शिजलं, हे ओळखायचं तरी कशावरून?”

इराप्पाअण्णा बंद भांड्याच्या नळाखाली चमचा धरून उभे होते.

विचारणारा कौस्तुभ हळबे, रसायनशास्त्रातला डॉक्टर. ट्रकच्या जुन्या टायरचा चुरा तेलात शिजवताना घालायचं औषध त्यानं शोधलेलं. पाच वर्षं त्यातच गेलेली. चुऱ्याचं पुन्हा कामाचं रबर व्हावं, एवढंच त्या औषधाचं काम.

पण कारखान्याच्या ह्या शेडमध्ये त्याचे सोळा घाणे वाया गेले होते. लोण्यासारखे मऊ यायचे, आणि पट्टी ओढली की ओल्या कागदासारखी फाटायची.

आज सतरावा. मालक चार वाजता येणार होते. हाही फाटला तर औषध बंद, आणि टायर परत वीटभट्टीत जाळायला.

म्हणून तो अण्णांकडे आला होता. अण्णा शाळेची पायरी चढले नव्हते. पण बत्तीस वर्षं सायकलच्या टायरचं रबर ह्याच भांड्यात शिजवत होते.

“डॉक्टर, घरी भात कोण शिजवतं?”

“मीच. कुकरमध्ये.”

“तरीच.”

कौस्तुभला हसावं की रागवावं कळेना.

“अण्णा, रबरात गंधकाच्या गाठी असतात. त्या सुटल्या पाहिजेत. सगळ्या.”

“आणि धागा?”

“तो तुटता कामा नये.”

“बरं… मग गाठ संपून धागा कुठं सुरू होतो?”

कागदावर कौस्तुभनं ते शंभरदा काढून दाखवलं होतं. चमच्यातल्या काळ्या लगद्यात त्याला काहीच दिसेना.

अण्णांनी लगदा पाण्यात बुडवला, निवू दिला, दोन अंगठ्यांत धरून हळूच ताणला. मग ओठाला लावला.

“वाफ सोडा.”

“आत्ता? अण्णा, अजून दाणे आहेत यात.”

“आहेत.”

“कच्चे आहेत.”

“कच्चेच आहेत.”

“मी शेवटचा दाणा विरघळेपर्यंत शिजवतो. नेहमी.”

“सोळा वेळा बघितलं मी. तोवर बाकीच्यांचा धागा तुटतो.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुम्ही आज विचारलंत…”

कौस्तुभचा हात वाफेच्या झडपेच्या चाकावर गेला आणि तिथंच राहिला. म्हातारा शहाणपण सांगतोय की आपल्याला बुडवतोय? दाणे डोळ्यांना दिसत होते. कच्चा माल मालकांपुढं ठेवायचा, तर पाच वर्षं कशाला घालवली?

अण्णा शेजारी नुसते उभे होते. घाई नाही, आग्रह नाही.

त्यानं चाक फिरवलं. शेड वाफेनं भरून गेली.

पाण्यात धुऊन, वाळवून माल दोन फिरत्या रुळांमध्ये गेला. रूळ पोटाशी जाड होते, टोकांना निमुळते. मऊ रबर मधून पातळ पापुद्रा होऊन उतरू लागलं आणि कठीण दाणे सरकत सरकत काठाला गेले. अण्णा बोथट सुरीनं ते खरवडून एका डब्यात टाकत होते.

चारला मालक आले. त्या रबराची, पुन्हा थोडं गंधक घालून साच्यात तापवलेली पट्टी दोन्ही हातांनी ओढली. ती हातभर ताणली, आणि सोडल्यावर होती तेवढी झाली.

मालकांनी पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

“उद्यापासून हेच औषध लावा,” म्हणाले, आणि गेले.

कौस्तुभ पट्टी हातात घेऊन उभा राहिला. आनंद व्हायला हवा होता. मनात मात्र सगळा गोंधळ.

“अण्णा, डब्यातले दाणे?”

“पुढच्या घाण्यात.”

“त्यातही काही राहतील.”

“राहतील की.”

“ते?”

“त्याच्या पुढच्या.”

“म्हणजे कुठलाच घाणा पुरा होत नाही?”

अण्णांनी सुरी पुसून ठेवली.

“आणि जो दाणा कधीच शिजत नाही, त्याचं काय करायचं?”

अण्णांनी डबा त्याच्यापुढं धरला. तो वाकून बघत राहिला. सगळे दाणे सारखेच काळे.

“यातला एखादा माझ्या पहिल्या घाण्यातला असेल, डॉक्टर…” अण्णा म्हणाले. “मी त्याला अजून घाई केलेली नाही.”