हेमांबा राणी आणि चिमटीचा कौल

एका राज्यात एक विचित्र रीत होती. दर वर्षप्रतिपदेला भर दरबारात राजाच्या पंजामागची कातडी चिमटीत धरून उचलायची आणि सोडायची. तीन टाळ्या वाजेपर्यंत घडी बसली, तर वर्षभर राज्य त्याचे. नाही बसली, तर सिंहासन दुर्धर मांत्रिकाचे. ही रीत दुर्धरानेच तीनशे वर्षांपूर्वी मंत्राने बांधली होती, आणि तो स्वतः अजून पंचविशीचा दिसे. परीक्षेच्या आदल्या दिवशी लावायला कांतिलेपाची डबीही तोच देई. मोठाच उपकारी माणूस म्हणायचा!

राणी हेमांबा अठ्ठावन्न वर्षांची होती. राज्य तिने चोख चालवले होते. सिंहासनावर तिचा जीव होता, आणि हे ती लपवीतही नसे. दहा वर्षे तिने लेप लावला. पण यंदाच्या प्रतिपदेला घडी तिसऱ्या टाळीला जेमतेम बसली. राणी मनातून हादरली. दुखणे कळल्याशिवाय औषध चालायचे नाही, असे म्हणून ती तळ्याकाठच्या बाभळीपाशी गेली. तिथे दोनशे वर्षांची एक सुगरण पक्षीण राहत असे. ती माणसांशी बोले, आणि विणकामातले तिला सारे कळे.

“सुगरणताई, कातडी सैल का पडते?”

“तीन कामे कर, मग कळेल. पहिले, तुझ्या अंगावरची तुझ्याहून तरुण कातडी शोध.”

राणीने आरसा मागवला आणि लगेच परत पाठवला. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिने बाही वर सारली. पंजा सुरकुतलेला होता, पण जिथे ऊन कधी पोचले नव्हते, ती दंडाची आतली बाजू नितळ आणि घट्ट होती. एकाच हातावर दोन वये नांदत होती.

“दुसरे, सुताची एक लड उन्हात टांग, एक पेटीत ठेव.”

ज्येष्ठ लागल्यावर राणीने दोन्ही लडी ओढून पाहिल्या. पेटीतली टिकली, उन्हातली तटकन तुटली.

“कातडीखालीही अशीच वीण असते,” सुगरण म्हणाली. “तरुण देह तुटलेला धागा रोज नव्याने विणतो. वय झाले की विणकाम मंदावते, आणि ऊन मात्र धागे तोडतच राहते. ऊन टाळ, अंगाला तेल लाव, सकस खा, पुरेशी झोप घे. आहे ती वीण पुष्कळ टिकेल. गेलेली सगळी परत यायची नाही.”

“लेपाने तर येते.”

“ती कुठून येते, हे पाहून येणे तुझे तिसरे काम.” सुगरणीने आपले एक पीस हवेत सोडले. “याच्या मागे जा.”

सात दिवस पीस पुढे आणि राणी मागे. एका विणकरांच्या गावात ते मागावर उतरले. मागावर ऐंशीची दिसणारी एक बाई बसली होती.

“आजीबाई, वय काय तुमचे?”

“एकोणीस, महाराणी. मी तुळसा. प्रतिपदेच्या आदल्या दिवशी सकाळी धडधाकट होते, दुपारपर्यंत अशी झाले. ठरलेले लग्न मोडले. दहा वर्षांत या गावातल्या दहाजणींची हीच गत झाली.”

राणीला इतकी शरम वाटली की तिने हात पदराखाली घेतला. “तुमची कातडी लावून मी राज्य करत होते,” ती म्हणाली. “आता नाही करणार.”

“मग राज्य जाईल तुमचे.”

“जाईल किंवा राहील. तू माझ्याबरोबर चल.”

राजधानीत परतल्यावर राणीने सिंहासनावर कोरलेला नियम अक्षर अन् अक्षर वाचला. इतकी वर्षे ती त्याच्यावर नुसती बसली होती.

पुढची प्रतिपदा आली. राणीने डबी उघडली नाही.

“महाराणी, हात दाखवून अवलक्षण कशाला?” प्रधान कळवळून म्हणाले.

“आहे ते दिसू द्या, प्रधानजी.”

परीक्षा घेण्याचा मान म्हाताऱ्या भानोजीचा होता. त्याने चिमूट धरली आणि सोडली. तीन टाळ्या वाजल्या, तरी घडी उभीच राहिली. दरबाराने माना खाली घातल्या. दुर्धर हसत सिंहासनाची पायरी चढला.

“थांबा,” राणी म्हणाली. “नियमात लिहिले आहे: जो सिंहासनावर बसेल, त्याची घडी उठेल आणि मग बसेल. आता तुमची परीक्षा.”

दुर्धराने ऐटीत हात पुढे केला. भानोजीने एकदा चिमूट धरली, दोनदा धरली, तिसऱ्यांदा धरली. तीनशे वर्षांच्या लेपाने कातडी इतकी ताणली होती की चिमटीत काही येईना.

“घडी उठतच नाही, महाराज,” भानोजी म्हणाला. “मग बसणार कुठून?”

दुर्धर संतापला. त्याने स्वतःच नखे रोवून कातडी ओढली, आणि ती टरकन फाटली. तीनशे वर्षांची चोरलेली वीण त्या फटीतून बाहेर पडली आणि ज्याची त्याच्याकडे गेली. मागे उरला घड्यांचा एक ढीग. तो सरपटत दरबाराबाहेर गेला, आणि सिंहासनावरची अक्षरे पुसली गेली.

तुळसाचे गाल भरले. त्याच क्षणी राणीच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सुरकुत्या पसरल्या. दहा वर्षांचे उसने एका दमात परत गेले होते.

“वाईट वाटते ग,” राणी म्हणाली.

तुळसाने तिळाच्या तेलाची वाटी मागवली, पायरीवर बसून राणीचा हात मांडीवर घेतला आणि सावकाश चोळू लागली. राणीने तो हात मागे घेतला नाही. साऱ्या दरबारादेखत तिने दुसऱ्या हाताने पहिली फिर्याद वाचायला घेतली.

असे त्या राज्यात ज्याचे वय त्याला मिळाले. तुमचे आमचेही आपापल्यापाशी सुखाने नांदो.